बधिर पाय

मुरलीधर साळुंख्याचा पाय जळतोय हे त्याच्या आधी त्याच्या बायकोला कळलं.

कार्तिक सरत आला होता. लग्नाचा हंगाम तोंडावर होता. करोल बागेतल्या बीडनपुऱ्यात सोनारांकडची जुनी मोड, घासकामाची धूळ, दुकानातला झाडून गोळा केलेला केर गलाईवाल्यांकडे यायला लागला होता. मुरलीधरची भट्टी तिसऱ्या मजल्यावर, गच्चीला लागून असलेल्या खोलीत होती. विट्याकडचं गाव सोडून त्याला दिल्लीत तेहतीस वर्षं झाली होती. केरातून सोनं काढायचं, मोडीतला जोडाचा डाख आणि तांबं घालवून ते शुद्ध करायचं, एवढी एकच विद्या घेऊन तो आला आणि त्या विद्येवर त्यानं घर उभं केलं.

सरला खिडकीशी बसून धूळ चाळत होती. मुरलीधरनं लालभडक मूस सांडशीत धरून भट्टीतून उचलली, वितळलेलं सोनं साच्यात ओतलं आणि मूस परत निखाऱ्यात बसवली. तेवढ्यात सरलाच्या नाकात वास गेला. केस जळावेत तसा.

"काय जळतंय ओ?"

"काय न्हाई. कोळसा कच्चा आसंल."

तिनं मान वळवली. मुरलीधरच्या रबरी चपलेतून धुराची बारीक रेघ निघत होती. सुपारीएवढा निखारा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मधे जाऊन बसला होता आणि हा माणूस निवांत उभा राहून साच्यातलं सोनं बघत होता. सरला चाळण टाकून धावली. बादलीतला तांब्या तिनं त्याच्या पायावर उपडा केला.

"आवं, पाय हाय का लाकूड?"

मुरलीधरनं खाली बघितलं. पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसं बघितलं. मग तो हसला.

"भट्टीवाल्याचा पाय हाय. त्याला काय धाड भरलीय?"

गल्लीत ही गोष्ट संध्याकाळच्या आत पसरली. खालच्या मजल्यावरचे बाळूतात्या मुद्दाम वर आले. ते या गल्लीतले सगळ्यात जुने गलाईवाले, मुरलीधरला पहिल्यांदा भट्टीपुढं बसवणारे. त्यांनी पाय निरखला आणि चारजणांदेखत म्हणाले, "बगा रं. निखारा इझला, पण गडी हलला न्हाई. लोखंड हाय लोखंड!" मुरलीधरनं जुन्या धोतराची चिंधी बोटांना गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भट्टीपुढं उभा राहिला. काम सोडून बसायचे दिवस नव्हते. चार दिवस त्यानं तसंच ओढलं. पाचव्या दिवशी चपलेत पाय मावेना. सहाव्या दिवशी त्याला थंडी भरून आली आणि चिंधीखालून असा वास यायला लागला की सरलानं जेवायचं ताट त्याच्यापुढं ठेवून तोंड फिरवलं.

हेमांगी, त्यांची एकुलती एक मुलगी, नोएडात एका विमा कंपनीच्या ऑफिसात कामाला होती. जन्म इथलाच. त्या दिवशी ती घरी आली, तिनं चिंधी सोडली आणि पाय उजेडाकडं वळवून बघितला.

"पप्पा, हे कधीपासून आहे? यार, तुम्हाला दुखलं पण नाही?"

"दुखंल कसं? सवय हाय."

"चलो. आत्ताच्या आत्ता."

सरकारी दवाखान्यात बाकावर अडीच तास गेले. मग एका बाईनं त्याचं बोट टोचलं, यंत्राकडं बघितलं, दुसरं बोट टोचलं आणि ती डॉक्टरणीला बोलवायला गेली. साखर चारशे बारा होती.

डॉक्टरीण चाळिशीच्या आतली, हरियाणवी वळणाची हिंदी बोलणारी. तिनं मुरलीधरला खाटेवर आडवा केला आणि नायलॉनच्या दोऱ्यासारखं काहीतरी हातात घेतलं.

"आँखें बंद करो, ताऊजी. पैर पे जहाँ लगे, हाँ बोलना."

मुरलीधरनं डोळे मिटले. डॉक्टरीण तळव्यावर, टाचेवर, बोटांच्या टोकांवर दोरा टेकवत गेली. हेमांगी मोजत होती. दहा जागा झाल्या. नंतर दुसरा पाय. तिथंही एकदासुद्धा "हाँ" आलं नाही. डॉक्टरणीनं दोरा खिशात ठेवला तरी तो डोळे मिटून तसाच पडला होता.

"शुरू करो, मॅडम," तो म्हणाला.

 सरलाला हिंदी कळत होती, समोर काय झालं तेही कळलं होतं. तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. "झालं ओ. उटा."

मुरलीधरनं डोळे उघडले आणि तिघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "मी सांगितलं हुतं की पोरीला. गेल्या शिमग्याला. म्हटलं पाय बधिर हुतोय."

हेमांगीला आठवलं. ती ऑफिसला निघाली होती आणि पप्पा म्हणाले होते, पाय बधिर झालाय. तिला हिंदीतलं बधिर ठाऊक होतं, म्हणजे बहिरा. पाय बहिरा कसा होईल, म्हणून ती खदखदून हसली होती, आणि आपलं काहीतरी चुकलं असावं असं वाटून तेही हसले होते.

"सुन्न होतोय म्हणायचं ना, पप्पा," ती म्हणाली.  "मला समजलं असतं."

डॉक्टरणीनं कागद लिहिता लिहिता सगळं सांगितलं. हा रोग आत शिरून किमान सात-आठ वर्षं झाली असावीत. रक्तातली साखर इतकी वर्षं चढलेली राहिली की पायाच्या नसा मेल्या. नसा मेल्या म्हणून निखारा कळला नाही, आणि साखर आहे म्हणून जखम भरत नाही. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागेल, पाय वाचेल. आणखी आठवडा घरी काढला असता तर घोट्यापासून गेला असता.

"हमें कैसे होगा, मॅडम?" मुरलीधर म्हणाला. त्याला हे खरंच पटत नव्हतं. "ये तो बैठके खानेवालों की बीमारी है. हम दिनभर पसीना निकालते हैं."

"पसीना भट्टी निकालती है, ताऊजी. आप तो एक जगह खड़े हो, या बैठे हो. दिन में चलते कितना हो?"

मुरलीधरनं मनात मोजलं. खोली ते गच्ची आणि गच्ची ते खोली.

"चाय कितनी?"

"दहा-बारा," सरलानं उत्तर दिलं. "और वो ठंडा. गर्मी में चार-चार बोतल. सबके सब पीते हैं."

"घर में और किसी को है?"

मुरलीधरचा थोरला भाऊ गावाकडं डोळ्यानं अधू होऊन गेला होता. आई शेवटी सारखी पाणी मागायची. कुणी कधी रक्त तपासलं नव्हतं. डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं आणि हेमांगीकडं बघितलं. "तुम्हारा भी करवाओ. आज ही."

हेमांगीच्या साखरेचं तीन महिन्यांच्या सरासरीचं माप सहा पूर्णांक दोन आलं. अजून रोग नाही, पण उंबरठ्यावर उभी आहे, डॉक्टरीण म्हणाली. इथून मागं फिरता येतं. तुझे वडील या जागी होते तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नाही; तुला मी सांगतेय. चालणं, वजन पाच-सहा किलोनं उतरवणं, मैदा आणि साखर तोडणं. चोवीस वर्षांची हेमांगी तो कागद हातात धरून आईच्या शेजारी बाकावर बसून राहिली.

बोट गेलं. बारा दिवसांनी मुरलीधर घरी आला तेव्हा भट्टी गार पडली होती आणि माळ्यावर सोनारांच्या मोडीच्या पुड्या तशाच होत्या. प्रत्येकीवर नाव होतं. लग्नं कुणासाठी थांबणार नव्हती. पहिल्या दिवशी दोन दुकानांतून माणसं येऊन आपापल्या पुड्या घेऊन गेली. मुरलीधर खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता. तेहतीस वर्षांत त्याच्या हातातून कुणी काम काढून नेलं नव्हतं. पुडी देताना त्यानं माणसाकडं न बघता भिंतीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरलानं घर आवरलं, केस फडक्यात बांधले आणि भट्टीत कोळसा भरला.

"काय चाललंय?" त्यानं खाटेवरून विचारलं.

"पेटवती."

"कोण गाळणार?"

"मी."

"बाई बसती का कुटं भट्टीवर? गल्ली हसंल."

"गल्लीनं तुमच्या पायाला लोखंड म्हटलं," सरला म्हणाली. "त्या गल्लीचं मला काय सांगताय?"

 सरलानं सव्वीस वर्षं धूळ चाळली होती, तेजाबात सोडलेलं सोनं धुतलं होतं, मूस केव्हा उचलायची ते त्याच्या पाठीमागून बघितलं होतं. सांडशी मात्र कधी हातात घेतली नव्हती. ती जड होती. पहिल्याच उचलीला मनगट थरथरलं, मूस तिरकी झाली आणि चमचाभर सोनं राखेत सांडलं.

"कोपर आंगाला लाव!" मुरलीधर खाटेवरून ओरडला. "हातानं उचलू नगं, कमरंनं उचल!"

तिनं राख गाळून सांडलेलं सोनं कणन् कण परत काढलं. पुन्हा मूस बसवली. तो पायाला धक्का न लावता खाट ओढत दाराशी आला. "आता सवागी टाक, मळ सुटंल. जरा. बास. आता रंग बग. वर मळ फिरतोय का? फिरूंदे. ज्या घटकंला थांबंल आन् आरशावानी दिसंल, तवा उचल." सरलाच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता. डाव्या हाताच्या दोन बोटांवर फोड आले. तिला ते लगेच कळले, आणि त्या दिवशी प्रथमच तिच्या मनात आलं की दुखणं कळतंय हीसुद्धा केवढी गोष्ट आहे.

तीन दिवसांनी तिनं पहिली लगड तयार केली. ती ज्याची होती तो सराफ, वयस्कर पंजाबी, स्वतः जिने चढून वर आला होता. त्यानं लगड उलटीपालटी केली, भट्टीकडं बघितलं, सरलाच्या हातांकडं बघितलं.

"मुरली, ये किसने गलाया?"

"मेरी घरवाली ने."

"औरत के हाथ का माल," सराफ म्हणाला. वाईट बोलायचं त्याच्या मनात नसावं, पण तो तसा बोलला.

"टंच करवाके देखो, लालाजी," सरला म्हणाली. तिची हिंदी मोडकी होती, आवाज मोडका नव्हता. "कम निकला तो हम फिरसे गाल के देंगे."

लालाजींच्या माणसाबरोबर ती स्वतः खालच्या, सोन्याची शुद्धता मोजून टंच काढायच्या दुकानात गेली. यंत्राच्या काचेआड लगड ठेवली. दुकानात चार गलाईवाले उभे होते, सगळे ओळखीचे. कागद बाहेर आला. हजारात नऊशे सत्त्याण्णव. सरलानं कागद हातात घेतला, परत जिने चढली आणि खाटेवर मुरलीधरच्या पुढं ठेवला. त्यानं तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला.

"माजंबी सत्त्याण्णवच येतं," तो म्हणाला.

"मग? शिकीवलं कुणी?"

त्या हिवाळ्यात घराचं सगळंच बदललं, आणि ते सोपं नव्हतं. रोज सकाळी सरला त्याच्या पोटावर इन्सुलिनची सुई टोचायची. रोज संध्याकाळी हेमांगी त्याचा पाय मांडीवर घेऊन बोटाबोटांमधून बॅटरीच्या उजेडात बघायची, कुठं खरचटलंय का, लाल झालंय का. पहिल्या दिवशी मुरलीधरनं पाय आखडून घेतला. "पोरीनं बापाच्या पायाला... नगं."

"मला कळलं नव्हतं ना, तेव्हा हसले होते मी," हेमांगी म्हणाली. "आता बघू द्या." त्यानं पाय सोडला.

चहा दोन कपांवर आला, बिनसाखरेचा. मुरलीधर पहिले आठ दिवस तो कडू काढा प्यावा तसा प्यायचा आणि कप आपटायचा. थंड्याच्या बाटल्यांच्या जागी माठ आला. दिल्लीत हिवाळ्यात बाजरी मिळते. सरलानं पराठे बंद करून भाकरी थापायला घेतली, पण भाकरीसुद्धा मोजून दोनच, आणि ताटात आधी मेथी, मुळा, डाळ. "भाकरी म्हंजी औशद न्हवं," ती त्याला सांगायची, दवाखान्यात ऐकलेलं जसंच्या तसं. "तिचीबी साखरच हुती. जास्त खाल्ली की वाढणारच." जखम भरून आल्यावर त्याला मऊ तळाचा खास बूट मिळाला आणि तिघंजण सकाळी धुकं विरल्यावर अजमल खान पार्कात चालायला जाऊ लागले. मुरलीधर सावकाश, एका बाजूला झुकत. सरला मधे. हेमांगी दोघांच्या पुढं दोन फेऱ्या जास्त घालायची, मग मेट्रो पकडायची.

गल्ली बोलत होतीच. मुरलीधरनं बायकोला भट्टीवर बसवलं आणि आपण बागेत हिंडतो. बाळूतात्यांनी एकदा जिन्यात अडवून विचारलं, "काय रं, पेन्शन बसली का?" मुरलीधर खाली मान घालून वर आला. त्या दिवशी तो जेवला नाही.

मार्चमध्ये दोघांची तपासणी झाली. मुरलीधरचं तीन महिन्यांचं माप अकरावरून सातावर आलं होतं. हेमांगीचं पाच पूर्णांक पाच. डॉक्टरीण खुर्चीतून उठली आणि तिनं हेमांगीच्या पाठीवर थाप मारली. "लौट आई तू! बस, अब छोड़ना मत. छोड़ेगी तो फिर वहीं." मग मुरलीधरकडं वळून म्हणाली, "ताऊजी, आपकी गली में भट्टियाँ कितनी हैं?"

"चाळीसेक."

"और चाय सब उतनी ही पीते हैं?"

मुरलीधर डोळ्यांपुढं एकेक भट्टी मोजत घरी आला.  जिना चढून झाल्यावर त्यानं दम घेतला आणि म्हणाला, "हेमे, त्या मॅडमला इचार, रविवारी येती का."

गलाईवाल्यांच्या मंडळाची गल्लीच्या तोंडाशी एक खोली होती, गणपती बसवायची. रविवारी तिथं टेबल मांडलं. डॉक्टरीण आली, दोन परिचारिका आल्या. चाळीसभर पुरुष आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. टेबलाशी कुणी जाईना.

"आमी कष्टाची माणसं," बाळूतात्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मला सत्तरी आली. एक गोळी खाल्ली न्हाई कदी. ज्याला झालं त्याला झालं."

मुरलीधर खुर्चीवर बसला. त्यानं बूट काढला. मग मोजा काढला. हेमांगी पुढं झाली, त्यानं तिला हातानं थांबवलं. उघडा पाय उचलून त्यानं समोरच्या स्टुलावर ठेवला. चार बोटं, आणि पाचव्याच्या जागी गुळगुळीत, गुलाबी खोबण.

"जवळ या," तो म्हणाला. "तात्या, तुमीबी या. लांबनं दिसत न्हाई."

माणसं दोन पावलं पुढं सरकली.

"ह्यो पाय बगून तुमी मला लोखंड म्हणाला. मला लई ग्वाड वाटलं हुतं. सा दिवस त्या शब्दावर हुबा ऱ्हायलो." तो थांबला. चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. "आरं, लोखंड न्हवतं ते. पाय मेला हुता. जित्या पायाला चटका बसतो. आपुन सोन्याचा टंच काढल्याबगर इस्वास ठिवत न्हाई. पिवळं दिसतंय म्हणून कोन घेतं का? मग सवताच्या रगताला तेवडं तरी करा. माजं येळंवर कळलं न्हाई. माज्या पोरीचं कळलं, ती मागं फिरली. बगा तिच्याकडं."

हेमांगी ताठ उभी राहिली.  मग मागून एकानं दबक्या आवाजात विचारलं, "मुंग्या आल्यागत हुतंय, त्येबी त्यातलंच का?"

"आदी बोट फुडं कर. मग इचार."

तो माणूस पुढं आला. त्याच्यामागून दुसरा. ओळ दारापर्यंत गेली. बाळूतात्या बराच वेळ खांबाला टेकून होते. शेवटी ते टेबलाशी आले आणि मान फिरवून त्यांनी बोट पुढं केलं. यंत्रावर तीनशे आठ दिसलं. त्यांनी मुरलीधरकडं बघितलं. मुरलीधरनं काही सुनावलं नाही. उठून त्यानं त्यांना आपली खुर्ची दिली. "बसा, तात्या. मी हाय. उद्या संगं जाऊ दवाखान्यात."

दुपारपर्यंत अडतीसजण झाले. अकराजणांची साखर चढलेली निघाली, त्यातल्या नऊजणांना आजवर पत्ता नव्हता. बाराजण हेमांगी होती तिथं, उंबरठ्यावर. डॉक्टरीण त्यांना वेगळं बसवून समजावत होती आणि हेमांगी ते मराठीत सांगत होती. अडलं की आईला विचारून घेत होती.

मग बायकांची पाळी आली. सरला शेवटची होती. भट्टी विझवूनच ती खाली आली होती, पदराला राख होती. परिचारिकेनं नवा कागद ओढला, नाव लिहिलं, वय लिहिलं आणि वर न बघता म्हणाली, "काम? हाउसवाइफ, ना?"

सरला हो म्हणणार होती. सव्वीस वर्षं प्रत्येक कागदावर तेच लिहिलं होतं.

"नहीं," मुरलीधर मागून म्हणाला. तो बूट घालून उभा राहिला होता. त्याचा आवाज एवढा मोठा निघाला की भिंतीकडची माणसंही वळली. "गलाई लिखो. भट्टी इसकी है."

परिचारिकेनं सरलाकडं बघितलं. गलाई शब्द तिला नवा असावा. "कैसे लिखते हैं?"

सरलानं तिच्या हातातलं पेन घेतलं आणि त्या जागेवर स्वतःच्या अक्षरात, ठळक, एकेक काना जपून, लिहिलं. मग बाही वर सारली आणि बोट पुढं केलं.